पहिलेपणाची जबाबदारी

कोणत्याही राज्याचा पहिला कारभारी होणे ही मोठी अवघड गोष्ट आहे. दुसऱ्याला निदान पहिल्याकडे पाहता येते. त्याने केले तसे करावे, नाहीतर त्याच्या चुका टाळाव्यात, असा काही आधार असतो. पहिल्यापुढे मात्र कोरा कागद! लोकांशी कसे बोलावे, विरोधकाला किती मान द्यावा, हाती आलेली सत्ता कितपत वापरावी आणि उठायची वेळ झाली म्हणजे कसे उठावे, हे सारे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. बरे, तो जे करील ते त्याच्यापुरते राहत नाही. पुढच्यांसाठी तीच वहिवाट होऊन बसते. घरातली थोरली सून जी रीत पाडते, ती धाकट्या जावांना चालवावी लागते, तसेच हे.

इतिहासात याचे ठळक उदाहरण म्हणून अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडे बोट दाखवतात. वॉशिंग्टन यांचा जन्म १७३२ चा. वडील वारले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते; कॉलेजचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. पुढे इंग्लंडविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात ते सरसेनापती झाले आणि ते युद्ध त्यांनी जिंकले. जिंकलेला सेनापती गादीवर बसतो, असा तोवरचा जगाचा अनुभव. या गृहस्थाने डिसेंबर १७८३ मध्ये आपली सनद लोकप्रतिनिधींच्या हाती परत केली आणि तो शेतीवाडीकडे निघून गेला. १७८९ साली ते अध्यक्ष झाले. त्यांना काय म्हणून संबोधावे यावर तेव्हा बराच खल झाला. राजाला शोभणाऱ्या लांबलचक पदव्या काहींनी सुचवल्या होत्या, पण शेवटी साधे ‘अध्यक्ष महाशय’ एवढेच ठरले. दोन्ही वेळा निवडणूक मंडळातले एकूण एक मत त्यांना मिळाले होते. तिसऱ्यांदा उभे राहिले असते तर कोण आडवे येणार होते? तरीही १७९७ साली ते आपण होऊन पायउतार झाले. दोन मुदतींनंतर थांबायचे, असा कायदा तेव्हा नव्हता. पण वॉशिंग्टन थांबले, म्हणून पुढे जवळजवळ दीडशे वर्षे दुसरेही थांबत गेले. एका माणसाच्या वागण्याला कायद्याचे वजन आले.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी जन्माला आले आणि त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले यशवंतराव बळवंतराव चव्हाण. एका देशाचा अध्यक्ष आणि एका घटक राज्याचा मुख्यमंत्री यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. अधिकार वेगळे, काळ वेगळा, माणसेही वेगळी. परंतु पहिलेपणाची जबाबदारी दोघांवर सारखीच पडली होती. ती यशवंतरावांनी कशी पेलली आणि आज तिचे आपल्या हाती काय उरले आहे, एवढाच या लेखाचा विषय. मी लिहितो आहे घोटीहून, म्हणजे नाशिक जिल्ह्यातून. आणि या जिल्ह्याचा त्यांच्याशी एक खास ऋणानुबंध आहे. त्याविषयी ओघाने येईलच.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, आजोळी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगली जिल्ह्यात आहे. वडील कराडच्या कोर्टात बेलिफ. यशवंतराव अगदी लहान असतानाच प्लेगने वडिलांना नेले. आई विठाबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. पण घरात अन्नाची ओढाताण असताना मुलांचे शिक्षण त्यांनी सुटू दिले नाही. थोरल्या भावाने हातभार लावला. कराडच्या टिळक हायस्कूलातली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. गुरुजी वर्गातल्या मुलांना विचारीत होते, तू मोठेपणी कोण होणार? कोणी या पुढाऱ्याचे नाव घेतले, कोणी त्या. या मुलाने सांगितले, की मी यशवंतराव चव्हाण होणार. कोणाला हा पोरवयातला आगाऊपणा वाटेल. मला त्यात दुसऱ्याची नक्कल न करण्याचा निश्चय दिसतो; आणि पहिल्या माणसाजवळ तो असावाच लागतो.

१९३२ साली, सविनय कायदेभंगाच्या चळवळीत, त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवतांसारखी विद्वान माणसे भेटली. हायस्कुलात शिकणाऱ्या त्या मुलाला तुरुंगात एक दुसरे विद्यालयच लाभले म्हणा ना! पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून ते १९३८ साली बी. ए. झाले आणि पुण्यात कायद्याचा अभ्यास करून १९४१ साली वकील झाले. जून १९४२ मध्ये वेणूताईंशी विवाह झाला, आणि दोन महिन्यांत ‘चले जाव’ची हाक आली. नवरा भूमिगत, लग्नाला वर्ष होण्याच्या आत नव्या नवरीला अटक. सातारा जिल्ह्यातला तो झुंजार काळ त्यांनी आतून पाहिला. सामान्य शेतकरी चिडला म्हणजे काय करू शकतो आणि त्याला विश्वासात घेतले म्हणजे काय करू शकतो, या दोन्ही गोष्टी तिथे त्यांना कळल्या. १९४६ साली ते मुंबई विधानसभेवर निवडून आले, १९५२ साली मंत्री झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या वेळच्या विशाल द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. तेव्हा त्यांचे वय होते त्रेचाळीस.

इथेच खरी कसोटी लागली. मराठी माणसाला हवा होता मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र, आणि दिल्लीने गळ्यात बांधले होते गुजराती व मराठी मुलखांचे जोडराज्य. या लढ्यात शंभरावर माणसे हुतात्मा झाली. यशवंतराव काँग्रेसमध्ये होते. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंना निवडू, असे ते उघड बोलून बसले होते. लोकांनी ते विसरायचे नाकारले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली, आणि खुद्द मुख्यमंत्री कराडमधून अगदी थोडक्या मतांनी तरले. या गोष्टीवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. त्यांच्यावरचा लोकांचा राग खरा होता आणि त्याला कारणही होते.

मात्र त्या निसटत्या विजयानंतर ते कसे वागले, हे पाहण्यासारखे आहे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी पंडित नेहरू आले. संयुक्त महाराष्ट्र समितीने प्रचंड निदर्शने केली. वाटेवर काळ्या निशाणांची दाटी झाली होती. दंडुका चालवून रस्ता मोकळा करणे मुख्यमंत्र्यांना अशक्य नव्हते. पण निदर्शने शांततेने पार पडली आणि मराठी माणसाचे मन पंतप्रधानांना डोळ्यांनी पाहता आले. पुढे दिल्लीचे मन वळले, त्यात समितीच्या लढ्याचा वाटा सर्वांत मोठा. पण हे द्वैभाषिक चालणार नाही, ही गोष्ट योग्य वेळी, योग्य कानांवर घालण्याचे काम यशवंतरावांनी केले. राज्य लढ्याने मिळवले आणि वाटाघाटींनी पदरात पडले, असे म्हटले तर दोन्ही बाजूंना न्याय होईल.

राज्य तर झाले. आता ते कोणाचे? हा प्रश्न आज ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण त्या वेळी तो खरोखर विचारला गेला. नागपूरचे संपादक व कादंबरीकार ग. त्र्यं. माडखोलकर यांनी यशवंतरावांना विचारले, हे राज्य मराठी होणार की मराठा? उत्तर मिळाले, ते मराठी जनतेचे राज्य होईल. उत्तर सोपे होते. खरे करून दाखवणे कठीण. विदर्भाच्या मनात शंका होत्या, मराठवाडा निजामी राजवटीतून येऊन फार दिवस झाले नव्हते. तेव्हा १९५३ च्या नागपूर कराराला धरून विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला भरू लागले. १९५६ साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेल्या आपल्या बांधवांच्या सवलती धर्मांतरामुळे जाऊ लागल्या होत्या. त्या चालू ठेवण्याचा निर्णय नव्या राज्याने १९६० साली घेतला. यशवंतराव दिल्लीला गेल्यावर मुख्यमंत्री झाले ते चंद्रपूरकडचे मारोतराव कन्नमवार, आणि पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ राज्य चालवले ते पुसदच्या वसंतराव नाईकांनी. दोघेही विदर्भाचे, आणि दोघेही बहुसंख्य जातीबाहेरचे. माडखोलकरांच्या प्रश्नाला पहिल्या पंधरा वर्षांनी दिलेले हे उत्तर होते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझ्या मते यशवंतरावांच्या साऱ्या कारभारातले पाणी एका कायद्यात उतरले आहे. तो म्हणजे १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा. नाव रुक्ष आहे, वाचकहो, पण थोडा धीर धरा. तुमच्या गावच्या शाळेची कौले आणि दवाखान्यातले औषध या कायद्याशी बांधलेले आहे.

पूर्वी जिल्ह्याचा खरा मालक कलेक्टर. लोकल बोर्डे होती, पण त्यांच्या हाती पैसा थोडा आणि अधिकार त्याहून थोडे. गावाला विहीर हवी, रस्ता हवा, मास्तर हवा तर अर्ज घेऊन सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. साहेब चांगला असला तर काम व्हायचे. बदलून गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने देशापुढे विचार मांडला, की खेड्यांच्या विकासाचा कारभार खेड्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींकडे द्यावा. १९५९ साली राजस्थानने आरंभ केला. महाराष्ट्राने घाई केली नाही. १९६० साली, राज्य होऊन दोन महिने होतात न होतात तोच, महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९६१ च्या मार्चमध्ये तिचा अहवाल आला, त्याच वर्षी कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या वाढदिवशी, जिल्हा परिषदांचे काम सुरू झाले.

या योजनेची रचना नीट समजून घेतली पाहिजे. घोटीपुरते बोलायचे तर शिडी अशी आहे: खाली गावची ग्रामपंचायत, मध्ये तालुक्याची इगतपुरी पंचायत समिती, आणि वर नाशिकची जिल्हा परिषद. ग्रामपंचायतीचा नवा कायदा १९५८ चा, तोही यशवंतरावांच्याच कारकिर्दीतला. मेहता समितीने मधल्या पायरीवर, म्हणजे गटावर, अधिक भर दिला होता. महाराष्ट्राने जिल्हा परिषदेला बळकट केले. कारण साधे आहे: तालुक्याच्या आवाक्यात न येणारी कामे जिल्ह्याच्या आवाक्यात येतात, आणि तज्ज्ञ अधिकारी ठेवण्याइतका पैसा जिल्ह्याजवळच जमू शकतो. प्राथमिक शिक्षण, आरोग्य केंद्रे, लहान पाटबंधारे, गावरस्ते, शेती आणि पशुसंवर्धन अशी खाती परिषदेकडे आली.

यात दोन बारीक गोष्टी होत्या, आणि त्यांतच सारे मर्म आहे. एक, कलेक्टरला परिषदेच्या बाहेर ठेवले. परिषदेचा कारभार चालवायला वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी आला. तो सरकारचा मोठा अधिकारी खरा, पण निवडून आलेल्या सभासदांचे ठराव अमलात आणणे हे त्याचे काम. दुसरी, आमदार-खासदारांना परिषदेत सभासद म्हणून जागा ठेवली नाही. का, ते ध्यानात घ्या. आमदार आत बसला की परिषदेतला शेतकरी सभासद त्याच्या तोंडाकडे बघणार. नव्या माणसाला उभे राहायला मोकळी जागा हवी असेल तर मोठ्या झाडाची सावली जरा दूर ठेवावी लागते. एक मुख्यमंत्री स्वतःच्या आणि आपल्याच पक्षाच्या आमदारांच्या हातची सत्ता काढून जिल्ह्यातल्या अनोळखी माणसांकडे देतो, ही गोष्ट राजकारणात नेहमी घडणारी नव्हे. वॉशिंग्टन यांनी खुर्ची सोडून वहिवाट पाडली; यशवंतरावांनी खुर्चीत असताना खुर्चीचे वजन कमी केले. मला दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या वाटतात.

या एका कामाच्या आजूबाजूला इतर कामे उभी राहिली. वर्षाला १,२०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना फी माफ झाली. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला या निर्णयाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. घरात ज्याच्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, असा मुलगा त्यानंतर वर्गात येऊन बसू लागला. आणि ती रांग अजून संपलेली नाही. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले, १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ. १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन होऊन तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. मराठी विश्वकोशाची मुळे तिथलीच. कारभार मराठीत चालावा म्हणून भाषा संचालनालय आले. १९६१ साली जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालणारा कायदा झाला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, कारखाने मुंबईबाहेर नेण्यासाठी. नाशिकजवळच्या सातपूर-अंबडच्या वसाहतींत आमच्या भागातली कितीतरी घरे आज कामाला जातात, त्याचा धागा तिथपर्यंत पोचतो.

आणि मग १९६२ चा ऑक्टोबर उजाडला. चीनने हल्ला केला, देशाची मान खाली गेली, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले. नेहरूंनी यशवंतरावांना बोलावले. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी संरक्षण खात्याची सूत्रे घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे लोक तेव्हा अभिमानाने म्हणू लागले. पण केंद्रात मंत्री राहायचे तर संसदेचे सभासद व्हायला हवे. अशा वेळी नाशिकची लोकसभेची जागा रिकामी झाली, आणि १९६३ साली नाशिकने यशवंतरावांना बिनविरोध निवडून दिले. मघाशी म्हटलेला ऋणानुबंध तो हा. सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या कराडात जे जेमतेम निवडून आले, त्यांच्यासमोर नाशिकला एकही उमेदवार उभा राहिला नाही. युद्धाच्या छायेतला तो विश्वास होता, आणि विरोधी पक्षांचाही तो मोठेपणा होता. पुढे १९६४ साली नाशिकजवळ ओझरला मिग विमानांच्या कारखान्याची स्थापना झाली. आजही ओझरच्या बाजूने आकाशात विमानाचा आवाज घुमला की जुनी माणसे यशवंतरावांचे नाव काढतात.

दिल्लीत ते पुढे गृह, अर्थ आणि परराष्ट्र खात्यांचे मंत्री झाले, विरोधी पक्षनेते झाले, १९७९ साली काही काळ उपपंतप्रधानही झाले. पंतप्रधानपद मात्र आले नाही. त्यांच्या टीकाकारांचे म्हणणे असे, की ते कुंपणावर बसत. निर्णायक क्षणी वाऱ्याची दिशा पाहून पाऊल टाकत. १९८० नंतर ज्या पक्षापासून दूर गेले होते, त्याच पक्षात ते परतले, तेही एकाकी अवस्थेत. या टीकेत तथ्य नाही, असे म्हणवत नाही. १९८३ च्या जूनमध्ये वेणूताई गेल्या, आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत यशवंतराव गेले. कराडला कृष्णा आणि कोयना जिथे एकमेकींना भेटतात, त्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. ‘कृष्णाकाठ’ हा त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला खंड तेवढा ते पुरा करू शकले.

पहिल्या माणसाचा वारसा तपासताना त्याने कोणाला दाराबाहेर ठेवले, हेही विचारले पाहिजे. वॉशिंग्टन स्वातंत्र्याचे सेनापती. पण त्यांच्याच शेतावर गुलाम राबत होते. त्यांना मुक्त करण्याची तजवीज त्यांनी मृत्युपत्रात केली, हयातीत नव्हे. महाराष्ट्राकडे पाहिले तर पंचायत राज्यात सत्ता कलेक्टरकडून निघाली खरी, पण पुष्कळ ठिकाणी ती वाटेतच गावच्या मातब्बर घराण्यांपाशी थांबली. बेरजेचे राजकारण हा यशवंतरावांचा आवडता मार्ग. विरोधकालाही आपल्यात सामावून घ्यावे, वजाबाकी करू नये. त्यातून राज्याला स्थिरता आली. पण चांगले विरोधकच सत्तेत येऊन बसले, तेव्हा जाब विचारणारा आवाज बारीक झाला. आमच्या इगतपुरी तालुक्यात डोंगरकडेला ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांचे पाडे आहेत. त्यांच्यापर्यंत या शिडीची पायरी फार उशिरा पोचली. स्त्रियांना तर एक-तृतीयांश जागा मिळायला १९९३ ची घटनादुरुस्ती अमलात यावी लागली, आणि निम्म्या जागांसाठी २०११ साल उजाडले. पहिल्याने दार उघडले, हे खरे. ते पुरते उघडायला मागच्यांना बराच जोर लावावा लागला.

आणि आता जी गोष्ट सांगायची, ती तुमच्या-माझ्या जिव्हाळ्याची आहे. २०२२ साली राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. नाशिकचीही संपली. आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातले वाद, अशा कारणांनी निवडणुका लांबत गेल्या, आणि तीन वर्षांहून अधिक काळ सारा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की निवडणुका घ्या. हे प्रशासक वाईट होते, असे मी म्हणत नाही. त्यांच्यात कामसू माणसेही असतील. पण जी गोष्ट १ मे १९६२ रोजी साहेबाच्या टेबलावरून उचलून लोकांच्या सभागृहात आणून ठेवली होती, ती निमूटपणे पुन्हा टेबलावर गेली, आणि आपण फारसा गलका केला नाही. विधानसभेची निवडणूक तीन वर्षे लांबली असती तर आपण असेच गप्प बसलो असतो काय? पाड्यावरच्या शाळेचे छप्पर गळते, तेव्हा विचारायला हक्काचा सभासद नसणे, ही लहान गोष्ट नव्हे. पावसाळ्यात घोटीचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला गळक्या छपराचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

वॉशिंग्टन यांनी पाडलेली वहिवाटही एकदा मोडली होती. १९४० साली एका अध्यक्षांनी तिसऱ्यांदा निवडणूक लढवली आणि जिंकली, त्यानंतर चौथ्यांदाही. मग अमेरिकेने १९५१ साली घटनेतच दोन मुदतींची मर्यादा घातली. वहिवाट नुसती चांगली असून भागत नाही. ती मोडली की हे मोडले, असे म्हणणारे लोक लागतात. तेवढे जागे लोक असले म्हणजे पहिल्या माणसाचे काम दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत टिकते. नसले तर त्याचे पुतळे राहतात, आणि काम जाते.

आपल्याकडे यशवंतरावांच्या नावाला तोटा नाही. नाशिकलाच १९८९ साली त्यांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ निघाले. शेतात राबणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या, शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या माणसाला घरबसल्या पदवी मिळावी, म्हणून ते आहे. विठाबाईंच्या मुलाचे याहून चांगले स्मारक कोणते असू शकेल? पण दुसरे स्मारक आपल्या गावातच आहे, आणि त्याला कोनशिला नाही. ग्रामसभेची नोटीस फळ्यावर लागते ना, तिच्याविषयी बोलतो आहे. भाताची आवणी असेल, बाजाराचा दिवस असेल, गिरणीवर पोती यायची असतील. नेमके त्याच दिवशी आपल्याला काम निघते, आणि सभेला पाच-पन्नास माणसे जमतात. पंचायतीने पैसा कुठे घातला, पंचायत समितीकडे आपल्या गावचा कोणता प्रस्ताव पडून आहे, जिल्हा परिषदेत आपला सभासद कधी बोलला, हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला दिलेला आहे. तो कलेक्टरकडून मागून आणावा लागत नाही.

राज्याच्या पहिल्या कारभाऱ्याने सत्ता तुमच्या दारापर्यंत आणून ठेवली. उंबऱ्याच्या आत ती घ्यायची की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हते. ते आपणच ठरवायचे आहे. पुढची ग्रामसभा केव्हा आहे, तेवढे पाहून ठेवा.